डावीकडचं तुम्ही बघा

– क्लच हळू सोडा ताई, हळू, त्यानं काय घोडं मारलंय तुमचं? हां. आणि डावीकडचं तुम्हीच बघायचं. मी का नाही? अहो, शिकवणारा कोण, मी की तुम्ही? बरं, सांगतो, पण नजर रस्त्यावर. माझ्या डाव्या डोळ्याची जरा सुट्टी चालू आहे. याच गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड बांधत होतो, इलॅस्टिकच्या दोरीचा आकडा सुटला नि आला तो थेट डोळ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतला पडदा फाटलाय. म्हटलं, घरातले तरी कुठे धड आहेत! तर म्हणे, हसू नका काका, पडद्याचं दुखणं पडद्यापाशी थांबत नाही – तिथून मेंदूकडे गेलेली नस सुकते, ती सुकली की मेंदूतलं पहिलं ठाणं ओस पडतं – निरोपच येईना तर ते बिचारं करणार काय? – आणि मग पार मागे, जिथे खरं दिसतं म्हणे, तिथलीही वस्ती विरळ होते. ऐकलंत? मार लागला पुढे नि दुकान बंद पडणार मागे! आमच्या हिनं तेवढंच धरलं, रोज डोक्याच्या मागच्या बाजूला तेल चोळते. उश्या चिकट झाल्या, बाकी फरक नाही. – सायकल? असेल, असेल. तुम्हाला दिसली ना? मग झालं तर.

घाबरू नका, ब्रेक माझ्याही पायाशी आहे. कधी दाबतो? तुम्ही किंचाळलात की! म्हणून तर भित्री माणसं मागून घेतो मी ऑफिसातून. धीट माणूस ओरडतच नाही, काय उपयोग त्याचा? परवा ते पोस्टमन – तोंडातून चकार शब्द नाही, टपालपेटी आडवी झाली. त्यांच्याच खात्याची! आमच्या स्कूलच्या साहेबांना सांगितलं, पेटी आधीपासूनच कलली होती... हे तुमच्या-माझ्यात हं.

ऑपरेशन? आहे ना. आजच. अकराला. हिला वाटतंय मी तिकडेच गेलोय. पण तुमचा धडा होता ना, कर्तव्य आधी... नाही, खोटं कशाला बोलू. भीती वाटते हो. बाई म्हणाल्या, आत्ता पडदा बसवला तर डोळा वाचेल, महिन्याभरानं आलात तर मागची नस गेलेली असेल. कळतं सगळं. पण डोळ्यात सुई! तेवीस वर्षं लोकांना सांगतोय, घाबरायचं नाही, गिअर टाका – आणि स्वतः कोरडा पाषाण.

असो. घ्या, सरळ घ्या... अहो, वळलात कुठे? इंडिकेटर दिलात? दिलात! आरसा बघितलात? मी न सांगता? वा! आणि ही थांबवलीत कुठे – हा तर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना... ताई, गाडी चालू करा. अजून वीस मिनिटं आहेत धड्याची. करा म्हणतो ना! किल्ली कशाला काढताय? पर्समध्ये? अहो, गुरू आहे मी तुमचा! आणि आज बरं मूग गिळून बसलात, एरवी शेळी दिसली तरी किंचाळता!

बरं. बरं, उतरतो. हिला फोन लावा, म्हणावं, पोचला. उशीर का विचारलं तर सांगा, शिकाऊ ताई फार हळू चालवतात. आणि जा आता, माझ्या तोंडाकडे काय बघताय?

– थांबा. आतपर्यंत या.