साहेब वाटेत आहेत

झेरॉक्सच्या रांगेत लेकीचा लॉ कॉलेजचा अर्ज पर्समध्येच ठेवून उभ्या असलेल्या आईने कान टवकारले. पुढे त्याच कॉलेजची एक विद्यार्थिनी आणि तिथूनच वकील झालेली एक ताई बोलत होत्या.

“ताई, रोज चार-चार खटले वाचून जीव जातो. पुढे नोकरी तरी मिळते का?”

“मोठ्या ऑफिसांनी कॉलेजचं नाव बघूनच अर्ज बाजूला ठेवला. शेवटी एका वकीलसाहेबांकडे लागले.”

“काम काय?”

“कोर्टात उभं राहून सांगायचं, साहेब वाटेत आहेत, पुढची तारीख द्या.”

“बस्स?”

“परवा न्यायाधीश म्हणाले, तारीख नाही, तुम्हीच बोला. फाइल तोंडपाठ होती. बोलले.”

“मग?”

“बाहेर आल्यावर अशील म्हणाला, पुढच्या वेळीही साहेबांना वाटेतच राहू द्या.”

आईने झेरॉक्ससाठी पर्समधून अर्ज काढला.