एक नंबरचं बटण
महागड्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात फुकट कॉफीचा तिसरा कप रिचवत वकीलसाहेब पॅकेजच्या पत्रकात खोट शोधत बसले होते. शेजारी एक आजी मेकॅनिकशी हुज्जत घालत होत्या.

“बॅटरी बदलायची नाही म्हणजे नाही!”

“अहो आजी, पाच वर्षांच्या पॅकेजमध्ये फुकट आहे ती.”

“असू दे. बॅटरी काढली की सीट सगळं विसरते म्हणे. एक नंबरचं बटण दाबलं की ती आमच्या ह्यांच्या मापाला सरकते. ते गेल्यापासून तेवढंच माप उरलंय.”

“मग बदलताना दुसरी बॅटरी जोडून ठेवतो. काही विसरणार नाही ती.”

“त्याचे वेगळे पडतील?”

“छे! पॅकेजमध्येच आहे.”

वकीलसाहेबांनी पत्रक पुन्हा चाळलं. असं कलम कुठेच नव्हतं. त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि गुपचूप खिशात टाकली.