रोमन छावणीतलं पिठलं

पिठलं रोमन आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण आमच्या सासूबाईंनी ते सिद्ध केलंय.

नेदरलँड्समध्ये आर्नहेमजवळ आमचा इतिहासवेड्यांचा ग्रुप जुन्या रोमन सैनिकांची छावणी हुबेहूब बांधतोय. खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, जागा दिली आणि सांगितलं, पुढचं तुमचं तुम्ही कमवा. सगळी भिस्त आमच्या रोमन खानावळीवर, आणि तिथल्या जवाच्या लापशीला कुत्रं हुंगेना.

सासूबाई सुट्टीला आल्या होत्या. म्हणाल्या, "बेसन आण गं, मी बघते."

आमचा सेनापती हान्स. रोमनांकडे नव्हतं ते तो छावणीत येऊ देत नाही. माझं घड्याळसुद्धा काढायला लावतो. तो चुलीपाशी आला. मी मधे दुभाषी.

"हरभऱ्याचं पीठ? चालेल. लसूण, जिरं? चालेल. मिरी?"

"मिरी आमच्याकडूनच जायची म्हणावं यांच्याकडे!" सासूबाई कडाडल्या. हान्सला तेही मान्य.

मग त्याला ठेच्याची बरणी दिसली.

"मिरची अमेरिकेतली. रोमनांनी पाहिलीही नव्हती. बाहेर!"

"मग जगले कसे मेले?" म्हणत सासूबाईंनी बरणी पिशवीत कोंबली.

त्या दिवशी पिठलं-भाकरीला तंबूबाहेर रांग लागली. सगळं फस्त झाल्यावर आम्ही मागे भांडी घासत होतो. तेवढ्यात हान्स स्वतःसाठी राखलेली पिठल्याची ताटली घेऊन आला. इकडेतिकडे बघत त्याने डोक्यावरचा लोखंडी टोप काढला आणि काखेत धरला.

"आता मी रोमन नाही," तो हळूच म्हणाला. "ती बरणी कुठे आहे?"