अण्णांची पोटरी

आमचे अण्णा फौजेतनं रिटायर झाल्यालं, तुमाला म्हाईतच हाय. बांधावरनं उडी मारली आन् डाव्या टाचेत कळ आली. साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी पालथं झोपवलं.

"पोटरी दाबली की पाऊल आपोआप हलतं. नाही हललं, तर टाचेची नस तुटली समजायचं. तुम्ही स्वतः अजिबात हलवू नका."

डावी पोटरी दाबली. पाऊल ढिम्म. मग चांगल्या पायाची दाबली. तेबी ढिम्म!

डॉक्टर चक्रावले. "दोन्ही नसा तुटल्यात? मग हे जिना चढले कसे?"

मलाबी काय कळंना. वाकून बघितलं, तर अण्णा दात आवळून ताठ पडल्यालं.

म्हणलं, "अण्णा, विश्राम!"

डॉक्टरांनी परत दाबलं. दोन्ही पावलं हलली.

अण्णा म्हणालं, "हुकूम मागं घेतल्याबिगर कसं हलू देणार?"