शेवटचा बाक

दातांच्या डॉक्टरांकडे शिंपीकाका सुजलेला गाल धरून बसले होते. दाढ ठणकत असली तरी कान शाबूत होते, आणि शेजारी मायलेकी बोलत होत्या.

"वर्गात कोण कुठे बसणार, हे बाईंनी आम्हालाच ठरवायला सांगितलं. आम्ही हात वर करून ठरवलं."

"मग बिनसलं कुठे?"

"चष्मेवाली तापाने घरी होती. शेवटचा बाक कुणालाच नको होता, म्हणून सगळ्यांनी तो तिला देऊन टाकला. आज ती आली, तर तिला फळाच दिसेना."

"अगं बाई!"

"मी म्हटलं, पुन्हा मत घ्यायचं, तिच्यासमोर. सगळे माझ्यावरच चिडले."

"कशाला वाईटपणा घेतलास?"

"वर्गाची सभापती मीच आहे ना! आई, आजी आत्याकडून आली की मागच्या खोलीत झोपणार?"

"हो. ठरलंय ना आपलं सगळ्यांचं."

"ठरवलं तेव्हा आजी कुठे होती?"

तेवढ्यात मायलेकींचा नंबर पुकारला. आई शिंपीकाकांकडे वळली.

"काका, आधी तुम्ही जा. मला एक फोन करायचाय."

काका उठले खरे, पण दारातच रेंगाळले.

"हॅलो, आई? नाही, सगळं ठीक आहे. तुम्हाला एक विचारायचं राहूनच गेलं."