राजारामरावांचा अँप्लिफायर

चहा निवायच्या आत सांगतो. आमच्या भजनमंडळात राजारामराव व्हायोलिनची साथ करतात. गायक अण्णांनी त्यांना बजावलं, "साथ ऐकूच येत नाही. असंच चाललं तर दुसरा माणूस बघतो." राजारामराव धास्तावले. मी निवृत्त, म्हणून अँप्लिफायर शोधायला सोबतीला मीच. चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणी भागात जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मिळाला. व्हायोलिनचा आवाज टिपून अँप्लिफायरला देणारे पिकअप मात्र एकामागून एक किंचाळत होते. अखेर एक गोड आवाजाचा निघाला.

शनिवारच्या भजनात प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू आला. मध्येच अण्णा वळून कुजबुजले, "राव, हा स्वर उतरलाय."

राजारामराव शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुम्ही गाता तेच मी वाजवतो."

राजारामरावांची जागा टिकली. अँप्लिफायरचा आवाज कमी-जास्त करायचं बटण मात्र आता अण्णांच्या हाताशी असतं.