डाव्या अंगठ्याचा कागद

आमचं मूळ गाव पान्यात हाय बघा. आंबेगाव तालुक्यात वरच्या अंगाला, धरन झालं तवा मी शाळेत जायची, सामान टेम्पोत भरलं, आन् माझी आई शेवटाला दाराला कडी घालत व्हती, बाप म्हनला अगं कडी कुनासाठी घालती, आता पानीच येनारे घरात, तरी तिनी घातली. तिथनं आमी खाली आलो, शाळा बी खाली हलवली, तिथं सातवी झाले न मंग लगीन. निमगाव साव्यात पडले. माझं नाव सुमन. थोडं शेत हाय, आमचे हे फाट्याला गॅरेजमदी कामाला, आन् मला पहिल्यापास्नं एका जागी बूड टेकायची सवय न्हाई, म्हनून मी बी मिलमदी लागले. जनावरांची पेंड बनवनारी मिल, आळेफाट्याच्या अलीकडं. पोती भरायची, तोंडं शिवायची, पुढं सरकवायची. नऊ वर्सं केलं. काय सांगू तुमाला, पोतं शिवन्यात माझा हात धरनारं तिथं कोनी नव्हतं.

तर त्या दिवशी पट्ट्यात भुसा अडकला. पट्ट्याला जाळी असती, पन ती सारखी काढाया लागायची, त्यात येळ जायचा, म्हनून महिनाभर काढूनच ठेवलेली. सुपरवायझर म्हनला, सुमनबाई, मशीन बंद करू नका, वरच्या वर ओढा. मी वरच्या वर ओढलं. एवढंच. लोकं इचारतात लई दुखलं का, तर भाऊ, तवा काय बी कळलं न्हाई, मला फकस्त दिसलं की माझी बांगडी पट्ट्यावरनं पुढं चालली, आन् मी वरडले, अगं माझी बांगडी! कमल माझ्या शेजारी उभी ऱ्हायची, नऊ वर्सं एका डब्यात जेवलो आमी, तिनी मशीन बंद केलं, डोक्याचा स्कार्फ सोडून माझ्या हाताला गुंडाळला. करंगळी, तिच्या शेजारचं न मधलं, तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

मिलच्या टेम्पोतनं फाट्यावरच्या दवाखान्यात नेलं, मी, कमल आन् डायवर. सुपरवायझर मागं ऱ्हायला, मशीन धुवाया. सिस्टरनी इचारलं कशानं झालं, मी म्हनलं मिलच्या पट्ट्यात गेला हात, तिनी लिहून घेतलं. थोड्या वेळानी सुपरवायझर आला, हातात कागद, म्हनला ताई, आपरेशनला सही लागती, लवकर करा. आता मी सही कशानी करू? तर त्यानी माझा डावा हात धरला, शाईत अंगठा दाबला न कागदावर टेकवला. कमलला म्हनला तू बी कर खाली. तिनी केली.

दोन महिन्यांनी टाके वाळले तशी मी मिलमदी गेले. मला भांडाया जायचं नव्हतं हो, मी एवढंच म्हनलं, मालक, पोती शिवनं आता व्हनार न्हाई, दुसरं काय काम द्या, आन् हाताचं काय ते बघा. मालक म्हनले बघू. सुपरवायझरनी मला बाहेर नेलं आन् मोबाइलमदी फोटो दाखवला. म्हनला हे तुमीच लिहून दिलंय ना? मी अक्षर अक्षर लावून वाचलं. लिहिलं व्हतं, मी सुमन, माझा हात राहत्या घरी कडबाकुट्टीत सापडला, मिलचा काही संबंध नाही, मालकांनी माणुसकीने दवाखाना केला. अन् खाली माझा अंगठा. अवो पावनं, आमच्या घरी कुट्टीच न्हाई! आमी आजून कोयत्यानं चारा तोडतो.

त्या दिसापास्नं जी पायाला भिंगरी लागली. घरात बसवंना, भाकरी थापता येईना, नसलेल्या बोटांना खाज सुटायची, खाजवायची कुठं? उठायचे, फाट्याला जायचे, परत यायचे. आमचे हे म्हनायचे किती येरझारा घालशील. मी म्हनायची, हात मिलमदी गेला आन् कागदावर माझ्या घरात गेला, मंग मी बसू कुठं?

फाट्याला विमलाभाभींचं झेरॉक्सचं दुकान हाय. मारवाडी मानसं, त्यांचा आज्जेसासरा राजस्थानातनं आलेला, पन त्यांची मराठी माझ्यापरीस सुद्द. मी तिथं दवाखान्यातनं घरी सोडलं तवाचा कागद झेरॉक्स कराया गेले न रडाया लागले. भाभींनी स्टुलावर बसवलं, सगळं ऐकलं, कागद उलटापालटा केला. म्हनल्या सुमनताई, हा तर शेवटचा कागद, पहिला कुठाय? मी म्हनलं कसला पहिला. त्या म्हनल्या, दवाखान्यात शिरल्या शिरल्या तुम्हाला सगळ्यात आधी कोणी विचारलं, आणि तिनं काय लिहिलं?

मी तशीच उठले न दवाखान्यात. त्यांनी आधी आज या उद्या या केलं, मंग भाभींनी अर्ज लिहून दिला, तवा केसपेपरची नक्कल मिळाली. इंग्रजीत, मुंग्या चालल्यागत अक्षर. भाभींनी बोट ठेवून वाचलं, कामाच्या जागी मशीनमध्ये हात अडकला, सव्वाअकरा वाजता आणलं. मी म्हनलं परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मी म्हनलं आजून एकदा.

भाभींच्याच वळखीनी जुन्नरला सरकारी फुकट मदतीतनं वकीलबाई मिळाल्या, तरनी पोरगी, पन बोलायला पक्की. ती म्हनली काकू, कोर्टाला रडणं नको, चार गोष्टी पाहिजेत. तुम्ही तिथल्या कामगार होता, कामावर असतानाच झालं, पगार काय होता आणि वय काय. चार गोष्टी, पन एकेकीला किती हेलपाटे! त्यावर हात किती निकामी झाला त्याचा दाखला येगळाच, सरकारी दवाखान्यात डाक्टरनी हात उलटासुलटा करून टक्के लिहिले, माझ्या हाताचे टक्के, परीक्षेत मला कवा मिळाले न्हाईत एवढे. वयाला शाळेचा दाखला लागला, आन् माझं नाव घातलेली शाळा तर पान्यात, मंग घोडेगावला तालुक्याच्या हापिसात इचारलं तर जुनं रजिस्टर हलवलेल्या शाळेत नीट ठेवलेलं, माझ्या बापानी सांगितलेली तारीख, तशीच. नेमनुकीचा कागद मिलनी कोनालाच दिला नव्हता, पन हजेरीची वही व्हती, पगाराचा आकडा बी तिच्यातच, आन् रोज सकाळी नऊला मी तिच्यात सही करायची. सही, अंगठा न्हाई.

वकीलबाईंनी मिलला नोटीस धाडली. उत्तर आलं, त्याला त्या अंगठ्याच्या कागदाची झेरॉक्स जोडलेली. फोटोत अंगठ्याखालचा भाग दिसला नव्हता, तो आता दिसला. साक्षीदार म्हनून कमलची सही.

मी तडक तिच्या घरी. ती अंगनात शेंगा फोडत बसलेली. मी कागद तिच्यापुढं टाकला, म्हनलं वाच. तिनी वाचला न शेंगाच हातातनं पडल्या. म्हनली, तायडे, मला दवाखान्याचा कागद सांगितला, तुझ्या रगतानं माझे हात भरलेले, मी काय वाचत बसनार व्हते का? मी म्हनलं मंग कोर्टात येऊन हेच सांग. ती सांडलेल्या शेंगा येचाया लागली. तिचा नवरा अंथरुनाला खिळलेला, पोरगं तवा शिकत व्हतं, घर तिच्या एकटीच्या कामावर. म्हनली, आले तर मिल सुटती माझी. मी पाठ फिरवली न चालू लागले, रस्ताभर तिला शिव्या देत, आन् रस्ताभर मला ठावं व्हतं की तिच्या जागी मी बी गपच बसले असते.

मधी मिलकडनं मानसं घरी आली, रोख घ्या, सही करा, मिटवून टाका. आमचे हे थकलेले, म्हनले घे न मोकळी हो. पन वकीलबाईंनी सांगितलं व्हतं, बाईमानसाची भरपाई कोर्टात जमा झाली तरच ती भरपाई, हातात दिलेली कायदा धरत न्हाई. मी म्हनलं मला कोर्टातच पाहिजे. ती मानसं च्या न पिताच गेली.

पुण्याच्या कामगार कोर्टात किती तारखा पडल्या ते इचारू नका. पहाटंची येष्टी धरायची, तिथं बाकड्यावर बसायचं, पुढची तारीख घिऊन यायचं. आन् मला बसायचंच तर जमत न्हाई. शेवटाला माझी पाळी आली. साहेबांनी इचारलं, बाई, तुम्हाला सही येते? मी म्हनलं येते. त्यांनी मिलकडनं मागवलेली हजेरीची वही बघितली, नऊ वर्सांच्या सह्या, त्या दिवसाची बी सही, सकाळी नऊची. मंग तो कागद बघितला. म्हनले, सही येते तर इथं अंगठा का? मी म्हनलं साहेब, सहीचा हात फडक्यात बांधलेला व्हता, आन् मला म्हनले हे आपरेशनचं हाय.

साहेबांनी मिलच्या वकिलाकडं बघितलं. तो कागदं चाळाया लागला.

त्याच दिवशी आमच्या वकीलबाईंनी साक्षीदाराचं नाव पुकारायला सांगितलं आन् दारातनं कोन आत यावं? कमल. मला न सांगता, परस्पर वकीलबाईंना भेटून आलेली, लग्नातलं लुगडं नेसून. उभी ऱ्हायली न एका दमात बोलली, सही माझी हाय, मजकूर माझा न्हाई, जाळी काढलेली व्हती, मशीन बंद करू नका म्हनले ते मी माझ्या कानानी ऐकलं. मिलच्या वकिलानी लई फिरवून इचारलं, तिनी शब्द हलवला न्हाई. दुसऱ्या दिवसापास्नं तिला मिल बंद.

निकाल आला औंदा. भरपाई कोर्टात जमा झाली न तिथनं माझ्या खात्यात. भाभींच्या दुकानात बसून मी निकाल समजून घेतला, तीन दिस लागले. कामावर असताना झालेला अपघात, असं त्यात लिहिलंय. सरकारच्या शिक्क्याखाली. बोटं काय परत येत न्हाईत, थंडीत हात आजून ठनकतो, ते चालायचंच, नशिबाला कोन कोर्टात वडनार? पन हात कुठं गेला ते खरं लिहिलं गेलं. मला वाटलं व्हतं आता झोप लागंल, बूड टेकंल. कुठलं काय. आता दुसऱ्या मिलच्या, पोल्ट्रीच्या शेडच्या बाया येतात, सुमनताई, हा कागद काय म्हनतो बघ की.

कमल टमाट्याच्या रोपवाटिकेत लागलीया, पगार कमी हाय. चतुर्थीला आमी दोघी ओझरला इघ्नहर गनपतीच्या दर्शनाला जातो, ती माझ्या डाव्या बाजूनी चालती, उजवा हात तिला बघवत न्हाई. तिच्या सुनंला आता पोल्ट्रीत काम मिळालंय, आन् तिथं नेमनुकीचा कागद द्या म्हनून मागाया आज आमी तिघी जानार हावो. ती बघा कमल, आलीच फाटकात. तुमी बसा भाऊ, च्या पिऊन जावा, मला निघाया पाहिजे. तुमी लिहिनारं मानूस, तुमची धाच्या धा बोटं शाबूत ऱ्हाऊ द्या, एवढं मागनं हाय माझं इघ्नहराकडं.